आजी, घर डोक्यावर कसं घेतात?

"घर नुसतं डोक्यावर घेतलंय या पोरांनी!" सुट्टीत पुण्याहून किंवा सांगलीहून बंगळुरूला आलेली आजी वैतागून म्हणते. सहा वर्षांची नात खेळ थांबवते, वर छताकडे पाहते आणि गंभीरपणे विचारते, "आजी, घर डोक्यावर कसं घेतात? आपण तर सातव्या मजल्यावर राहतो!" घरात हशा पिकतो. नात मात्र हिरमुसते, कारण तिने विनोद केलेलाच नसतो.

बंगळुरूतल्या अनेक मराठी घरांत थोड्याफार फरकाने हा प्रसंग घडतो. पण खरी काळजी करायला हवी ती त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. तेव्हा तीच नात काही विचारत नाही. "आजी काहीतरी बोलते," एवढे म्हणून ती मोबाइलमध्ये डोके घालते. आजीही मग बेताचेच बोलू लागते. "जेवलीस का?" "हो." "शाळा कशी चाललीय?" "बरी." दोघींचे एकमेकींवर प्रेम असते, दोघींना मराठी येते, तरीही बोलणे चार वाक्यांत संपते.

असे का होते? परप्रांतात राहणाऱ्या घरांत मातृभाषा एकदम नाहीशी होत नाही, ती आटत जाते. सकाळी डबा, दप्तर, शाळेची बस. संध्याकाळी अभ्यास, जेवण, झोप. एवढ्या कामापुरती मराठी उरते. मुलाला चटकन कळावे म्हणून आई-वडील सोपे, सरळ शब्द वापरतात. हेतू चांगलाच असतो. पण त्यामुळे बोलण्यातून सर्वांत आधी हद्दपार होतात ते वाक्प्रचार, म्हणी, उपमा. "पोटात कावळे ओरडताहेत" याऐवजी "भूक लागली" येते. "हातावर तुरी देऊन पळाला" याऐवजी "पळून गेला" येते. अर्थ पोहोचतो, पण त्यातली गंमत, राग, माया आणि थट्टा वाटेतच गळून पडते. आजीच्या बोलण्यात नेमके तेच जास्त असते.

मूल उपमा जन्मजात जाणते

"आजकालच्या मुलांना अलंकारिक भाषा कळतच नाही," अशी तक्रार पालक आणि शिक्षक दोघेही करतात. ती पूर्णपणे खरी नाही. तीन वर्षांचे मूल केळे कानाला लावून "हॅलो" म्हणते, झाडूचा घोडा करते, अर्धा चंद्र पाहून "चांदोबा तुटला" असे सांगते. एका वस्तूत दुसरी वस्तू पाहणे हे तर रूपकाचे मूळच. रशियन बालसाहित्यिक कोर्नेई चुकोव्हस्की यांनी 'दोन ते पाच' या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात लहान मुलांच्या अशा कितीतरी बोलांची नोंद केली आहे. मोठ्यांचे वाक्प्रचार शब्दशः घेऊन मुले कशी वाद घालतात, हेही त्यांनी टिपले होते.

लहान मुलाला डोळ्यांना दिसणारे साम्य लवकर कळते. गाल सफरचंदासारखे, ढग पिंजलेल्या कापसासारखे, हे त्याला सांगावे लागत नाही. अडते ते माणसाच्या मनाविषयी बोलताना. १९६० साली सॉलोमन अ‍ॅश आणि हॅरिएट नर्लोव्ह या अमेरिकन अभ्यासकांनी मुलांना गोड, कठीण, थंड अशा शब्दांविषयी विचारले होते. साखर गोड असते हे सगळ्यात लहान मुलांना माहीत होते, पण माणूस गोड कसा असेल, हे त्यांना पटेना. त्याहून मोठी मुले माणसाविषयीही तो शब्द वापरत, पण साखरेशी त्याचा संबंध त्यांना जोडता येत नव्हता. तो जोडणारी मुले साधारणपणे नऊ ते बारा वर्षांची होती.

पुढे १९७६ मध्ये एलन विनर, अ‍ॅन रोझेनस्टील आणि हॉवर्ड गार्डनर यांनी सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसमोर काही वाक्ये ठेवली. त्यांपैकी एका वाक्यात तुरुंगात वर्षानुवर्षे काम करून एक पहारेकरी कठीण खडक झाला होता. लहान मुलांपैकी काहींना वाटले की कोणी जादूने त्याला दगड केले असेल. काहींनी त्याचे काम दगडी भिंतींच्या तुरुंगात आहे, असा अर्थ लावला. काहींच्या मते त्याचे स्नायू टणक झाले होते. तो निर्दय, न द्रवणारा झाला आहे, हा अर्थ मोठ्या मुलांनाच नीट उमगला.

तेव्हा सहा वर्षांची नात छताकडे पाहते यात तिचे काही चुकत नाही. तिचे वयच तेवढे आहे. तिच्या प्रश्नाला हसून विषय बदलणे आणि "असंच म्हणतात, तू मोठी झालीस की कळेल" असे सांगणे, हे मात्र चुकीचे. वयाबरोबर समज येते हे खरे, पण जे कधी कानांवर पडलेच नाही ते मोठे होऊन कुठून कळणार? आडातच नसेल तर पोहऱ्यात कुठून येईल?

मुसळ पाहिलेच नाही

आता ही आडाचीच म्हण घ्या. आड म्हणजे काय आणि पोहरा कशाला म्हणतात, हे बहुमजली इमारतीत वाढणाऱ्या मुलाला कसे ठाऊक असणार? त्याला पाणी नळातून किंवा टँकरमधून येते एवढेच माहीत. जात्यातले रडतात आणि सुपातले हसतात, पण जाते आणि सूप दोन्ही घरातून गेलेली. मे महिन्यात बंगळुरूला संध्याकाळचा पाऊस झोडपतो तेव्हा आई "मुसळधार पाऊस" म्हणते. मुलगा तो शब्द बरोबर वापरायलाही शिकतो, पण मुसळाएवढ्या जाड धारा त्याच्या डोळ्यांपुढे येत नाहीत, कारण मुसळच त्याने पाहिलेले नाही. आपल्या म्हणी शेतात, स्वयंपाकघरात आणि बाजारात जन्मल्या. वस्तू गेली की म्हण नुसता आवाज म्हणून उरते.

शाळेच्या पुस्तकातली वाक्प्रचारांची यादी पाठ करून हे जमत नाही. उजवीकडे अर्थ, डावीकडे वाक्प्रचार, खाली "वाक्यात उपयोग करा". मुले त्यावर नामी तोड काढतात: "गुरुजींनी 'कंबर कसणे' या वाक्प्रचाराचा अर्थ विचारला." वाक्य बिनचूक, गुण मिळायलाही हरकत नाही, पण कंबर मात्र कसली गेली नाही!

यापेक्षा सोपा मार्ग घरातच आहे. ज्या वस्तू अजून हाताशी आहेत तिथून सुरुवात करावी. रात्री दुधाला विरजण लावताना मुलाला जवळ उभे करावे. एक चमचाभर ताक आणि सकाळपर्यंत सगळे दूध बदललेले! मग एखाद्या रविवारी सहलीला निघतानाच पाऊस आला की "झालं, उत्साहावर विरजण पडलं" म्हणावे. वेगळा अर्थ सांगण्याची गरजच पडणार नाही. कैरीची एक फोड नुसती आणि एक तिखटमीठ लावून द्यावी. शाळेतली भांडणे रंगवून सांगणाऱ्या मुलीला त्यानंतर "तिखटमीठ किती लावलंयस?" असे विचारले की ती स्वतःच हसू लागेल.

हिवाळ्यात बाजारात हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात. एक जुडी घरी आणून मुलाला दाखवावी आणि विचारावे, "या झाडावर चढता येईल का रे?" गुडघ्याएवढे ते रोप! कोणी खोटी स्तुती करून आपल्याला त्यावर चढवले तर पुढे काय होईल, हे मुलाला आपोआप समजते. हरभऱ्याच्या झाडावर चढवणे या वाक्प्रचारातली खोच त्या रोपाच्या उंचीत आहे, आणि ती कोणत्याही कोशात वाचण्यापेक्षा पाहण्यात जास्त मजा आहे.

वडिलांच्या व्यवसायाचाही उपयोग होतो. सांगली जिल्ह्यातल्या विटा-खानापूर भागातून गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पांगलेली मराठी कुटुंबे बंगळुरूतही आहेत. त्या घरातल्या मुलाने सोने कसोटीच्या दगडावर घासताना पाहिलेले असते. इतर मुलांना 'कसोटी' म्हटले की पाच दिवसांचा क्रिकेट सामना आठवतो. या मुलाला मात्र त्या सामन्याला कसोटी का म्हणायचे, हेही सांगता येईल. संगणक कंपनीत काम करणाऱ्या बापानेही हिरमुसायचे कारण नाही. संगणकातला 'व्हायरस', 'खिडकी', 'उंदीर' ही सगळी रूपकेच आहेत. ती कशी, हे मुलाला ओळखायला लावावे.

शहरही मदतीला येते. बंगळुरूपासून साधारण ६० किलोमीटरवर नंदी हिल्स आहेत. वाटेत गाडी थांबवून दूरचा निळसर, गुळगुळीत दिसणारा डोंगर मुलांना दाखवावा, आणि वर पोहोचल्यावर खडक, काटे आणि दमछाक! "दुरून डोंगर साजरे" ही म्हण सांगायला याहून चांगली जागा नाही. लालबागेतला प्रचंड खडक सुमारे ३०० कोटी वर्षे जुना आहे. "काळ्या दगडावरची रेघ" म्हणजे किती पक्की, हे त्याच्यापाशी उभे राहून सांगावे. रेघ मात्र ओढू देऊ नये, कारण तो राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेला आहे!

शेजारच्या अज्जींची शिदोरी

बंगळुरूतल्या मराठी पालकांना आणखी एक धास्ती असते. शाळेत इंग्रजी, मैदानावर कन्नड, टीव्हीवर हिंदी. एवढ्या भाषांच्या गर्दीत मराठी म्हणी कशा टिकणार? वास्तविक इथे कन्नडची अडचण न मानता मदत घ्यावी. दोन्ही भाषा शतकानुशतके शेजारी नांदल्या आहेत आणि त्यांनी एकमेकींच्या अंगणात भरपूर ये-जा केली आहे.

"अंथरूण पाहून पाय पसरावेत" असे आपण म्हणतो. कन्नड शेजारीण "हासिगे इद्दष्टु कालु चाचु" म्हणते, म्हणजे अंथरूण असेल तेवढेच पाय ताण. आपल्याकडे नाचता येईना अंगण वाकडे. तिकडे "कुणियलारदवळु नेल डोंकु अंदळंते". तिथेही नाचता न येणारी बाई जमिनीलाच वाकडी म्हणते. दुरून डोंगर साजरे हे "दूरद बेट्ट नुण्णगे" होते. आपल्या गाढवाला गुळाची चव कळत नाही, कन्नड गाढवाला कस्तुरीचा सुगंध. गाढवाचे दैव दोन्हीकडे सारखेच! डोके खाणे, नाक खुपसणे, टोपी घालणे हे तर जसेच्या तसे कन्नडमध्ये सापडते.

फरक असतो तिथे आणखी मजा येते. मराठीत हात देणे म्हणजे मदत करणे. कन्नडमध्ये 'कै कोडु' याचा शब्दशः अर्थ हात देणे हाच, पण बोलण्यात त्याचा अर्थ ऐनवेळी दगा देणे असाही होतो. एखाद्या मराठी मुलाने कन्नड मित्राचे उपकार मानताना शब्दशः भाषांतर केले तर काय गोंधळ उडेल, याची कल्पना करा! आणि काही म्हणी अशा आहेत की त्या उसन्या घ्याव्याशा वाटतात. "कै केसरादरे बायि मोसरु", म्हणजे हाताला चिखल लागला तर तोंडाला दही मिळेल. कष्टाचे फळ सांगणारी इतकी चवदार म्हण घरात मराठीतून वापरायला काय हरकत आहे?

म्हणून मुलाला शेजारच्या अज्जींकडे पाठवावे. 'अज्जी' आणि 'आजी' यांत अंतर ते किती? "अज्जी, तुमच्याकडे याला काय म्हणतात?" असे मुलाने विचारले की त्या माऊलीला कोण आनंद होतो! दोन भाषांतल्या जोड्या लावताना मुलाला आपोआप उमगते की शब्द वेगळे आणि त्यांच्यामागचा अर्थ वेगळा. अलंकारिक भाषा कळण्यासाठी नेमकी हीच जाण लागते.

बंगळुरूला हे नवीन नाही. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर घेतल्यानंतर ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. त्यांच्या आश्रयाला असलेल्या जयराम पिंड्ये या कवीला बारा भाषा अवगत होत्या. त्याच्या 'राधामाधवविलासचंपू' या काव्यात शहाजीराजांच्या दरबारातल्या अनेक भाषांमधील कवींच्या समस्यापूर्तीचे वर्णन आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. समस्यापूर्ती म्हणजे एकाने अवघड ओळ द्यायची आणि दुसऱ्याने तिला शोभेल असे काव्य रचायचे. एक प्रकारे मोठ्यांच्या कोड्यांचाच खेळ.

अलीकडची उदाहरणेही आहेत. धारवाडचे वरकवी द. रा. बेंद्रे यांच्या घरची भाषा मराठी, पण कन्नड कवितेने त्यांना १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार मिळवून दिला आणि ते मराठीतही लिहीत राहिले. रजनीकांत तर मुलांनाही ठाऊक! १९५० साली बंगळुरूत मराठी घरात जन्मलेले शिवाजीराव गायकवाड याच शहरात बस कंडक्टर होते. घरात मराठी, शहरात कन्नड, आणि टाळ्या घेतल्या त्या तमिळ संवादांनी. मनाची जमीन एका भाषेत नांगरलेली असली की दुसरीचे बी तिच्यात चांगले रुजते.

गोड बोला म्हणजे काय?

सण हे या शिक्षणाचे हक्काचे दिवस. संक्रांतीला आपण तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगतो. कर्नाटकातही त्या दिवशी 'एळ्ळु-बेल्ल', म्हणजे तीळ आणि गूळ देतात आणि चांगले बोला असे म्हणतात. अ‍ॅश आणि नर्लोव्ह यांनी मुलांना विचारलेला प्रश्न इथे आयताच हाती येतो. तोंडात तिळगूळ असतानाच सात-आठ वर्षांच्या मुलाला विचारावे, "बोलणं गोड कसं असेल रे? त्याला चव असते का?" उत्तर घाईने देऊ नये, त्याला शोधू द्यावे. गुढीपाडव्याला कडुनिंब आणि गूळ एकत्र खाताना कडू दिवस कोणते आणि गोड दिवस कोणते हेही मुले सांगू लागतात. कधी कधी ती उत्तरे ऐकून पालकच गप्प होतात.

गांधीनगरमधल्या महाराष्ट्र मंडळाची स्थापना १९२० सालची आहे. अशा संस्थांच्या गणेशोत्सवात मुलांची नाटुकली होतात. मुलांना नुसते संवाद पाठ करायला लावण्याऐवजी एखादी म्हण मुक्याने अभिनय करून ओळखायला लावली तर? "ताकाला जाऊन भांडे लपवणे" हे सादर करताना मुले जी धमाल करतील ती पाहण्यासारखी असेल. ज्या पालकांना स्वतःलाच म्हणी आठवत नाहीत त्यांच्यासाठी वा. गो. आपटे यांचा १९१० चा 'मराठी भाषेचे संप्रदाय व म्हणी' हा संग्रह आहे, आणि य. रा. दाते व चिं. ग. कर्वे यांचा दोन खंडांतला 'महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश' (१९४२ आणि १९४७) तर खजिनाच आहे.

दिवे लावलेस!

एक सावधगिरी मात्र हवी. मोठ्यांच्या तोंडी वाक्प्रचार सर्वांत जास्त कधी येतात? रागावल्यावर! गणितात कमी गुण मिळाले की "अगदी दिवे लावलेस हो!" असे वडील म्हणतात. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या दृष्टीने दिवे लावणे ही तर दिवाळीतली आनंदाची गोष्ट. वडिलांचे शब्द कौतुकाचे आणि चेहरा मात्र रागाचा, या कोड्याने तो बावरतो. उपरोध हा अलंकारिक भाषेचा सर्वांत अवघड प्रकार आहे. बोलणाऱ्याच्या मनात शब्दांच्या उलट अर्थ आहे, हे ओळखावे लागते. लहान मुलाला तो खोटेपणा वाटतो, आणि अर्थ कळू लागला की तो टोचतो. "पालथ्या घड्यावर पाणी" हे शब्द मुलाने स्वतःविषयी दहा वेळा ऐकले तर आपण पालथा घडाच आहोत, असे तो मानू लागेल. म्हणी गमतीच्या, कौतुकाच्या प्रसंगी आधी याव्यात. "सोन्या", "माझा राजा", "चिमणी" या हाकाही रूपकेच आहेत. त्या आधी भरपूर ऐकलेल्या असल्या की एखादा टोमणाही मूल पचवते.

काही मुलांना मात्र वय वाढले तरी प्रत्येक गोष्ट शब्दशःच कळते. थट्टा समजत नाही, समोरच्याचा चेहरा वाचता येत नाही, मित्रांत मिसळणे जड जाते. स्वमग्नता असलेल्या अनेक मुलांच्या बाबतीत असे दिसते. अशा मुलाला हसू नये. वाक्प्रचार वापरला तर लगेच त्याचा सरळ अर्थही सांगावा. शंका असेल तर तज्ज्ञांना विचारावे. बंगळुरूत निम्हान्स आहे आणि म्हैसूरला १९६५ पासून चालणारी अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आहे. मात्र केवळ मराठी म्हणी कळत नाहीत म्हणून घाबरून जाऊ नये. जे मूल इंग्रजीतला किंवा कन्नडमधला विनोद समजून हसते, त्याच्या डोक्यात काही उणे नाही. त्याच्या कानांवर मराठी कमी पडली आहे, इतकेच.

आता मुलांनी हे बोलायचे कसे? त्यासाठी कोड्यांसारखे साधन नाही. वस्तूचे नाव न घेता तिला दुसऱ्याच रूपात उभे करायचे, म्हणजे रूपकच. कन्नडमध्ये त्यांना 'ओगटु' म्हणतात. जुनी कोडी संपली की मुलांनाच नवी रचू द्यावीत. बंगळुरूच्या रहदारीत गाडी अडकल्यावर अर्धा-पाऊण तास हाताशी असतोच. मोबाइल बाजूला ठेवायचा आणि एकाने सुरुवात करायची: "एका पायावर उभा, डोळे तीन, पण एका वेळी एकच उघडतो. लाल डोळा उघडला की सगळं बंगळुरू थांबतं. ओळखा पाहू मी कोण?" मागच्या सीटवरून उत्तर येते, आणि पाठोपाठ "आता माझं ऐका!" आजी सोबत असेल तर पहिली पाळी तिला द्यावी.